भ्यालेल्या माणसाचं ताट पाहणाऱ्या बाई

डॉ. इंदुमती घोलप यांची पहिली भेट माझ्या पक्की लक्षात आहे, कारण त्या अन्न खात्याच्या इन्स्पेक्टर आहेत, असं मी समजलो होतो. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत माझी खानावळ तेव्हा नुकती सुरू झाली होती. मी पाथर्डीकडचा. आईवडील दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे. मी हातगाडीपासून पत्र्याच्या शेडपर्यंत पोहोचलो होतो आणि कुणीतरी येऊन हे बंद पाडील, ही धास्ती उठता-बसता होती. अशात एका सकाळी सुती साडीतल्या एक बाई सरळ भटारखान्यात शिरल्या.

"मालक कोण इथला?"

"मीच जी. लायसन भिंतीला लावलंय, बघा."

"लायसन तुमचं तुम्हाला लखलाभ. रात्रपाळीहून सुटलेल्या मुलांना काय देता?"

"चहा-खारी. लागला तर वडा."

"आणि पाळीवर जाताना?"

"चहा-खारी."

त्यांचा दवाखाना जवळच होता. झोप येत नाही, छाती धडधडते, उगाच रडू येतं अशा तक्रारी घेऊन वसाहतीतले कामगार त्यांच्याकडे येत. बाई प्रत्येकाला कालपासून काय-काय खाल्लं ते विचारत, आणि बऱ्याच जणांचं उत्तर माझ्या खानावळीपाशी येऊन थांबे.

मी हसत म्हणालो, "मॅडम, डोक्याचं दुखणं डोक्यात. त्याचा माझ्या खारीशी काय संबंध?"

बाई हसल्या नाहीत. "किती संबंध आहे ते मलाही पुरतं ठाऊक नाही. पण अजिबात नाही, असं म्हणायची हिंमत माझ्यात नाही. तुमच्यात आहे?"

नव्हती. पुढच्या आठवड्यात मटकीची उसळ, अंडी आणि दही सुरू झालं. सुरू केलं ते बाईंच्या भीतीने, पटलं नंतर.

बाईंना पंचाहत्तरावं वर्ष लागलं. त्यांच्यावर लिहिणारे जाणकार या गौरव अंकात पुष्कळ आहेत. मी फक्त कानाने ऐकलेलं लिहितो. माझे कान तिखट आहेत, असं लोक म्हणतात. शंभर माणसांच्या पंगतीत कोण जेवतो आहे आणि कोण नुसता ताटाशी खेळतो आहे, हे मला पाठमोऱ्याने कळतं. मात्र एवढे तिखट कान घरी आल्यावर कसे बंद पडले, ते सांगायचं तर माझ्या पत्नीविषयी, कौसल्येविषयी लिहावं लागेल. तिची परवानगी घेतली आहे.

तीन-चार वर्षांत ती हळूहळू बदलली. आधी गप्प झाली. मग विसरू लागली. तळपायाला मुंग्या येतात म्हणाली, तर मी म्हणालो, चपला बदल. नंतर तिने डोळे मोठे करून सांगितलं, की पिठात कुणीतरी काही कालवतंय. पिठाचा डबा तिने अंगणात नेऊन ओतला. मी ते हसण्यावारी नेलं.

एके दिवशी भर दुपारी घरी गेलो तर ती मागच्या विहिरीच्या कठड्याला टेकून, वाकून आत बघत होती.

"कौसल्ये, हितं काय करतीस?"

"वरडू नका. आतून कोन तरी बोलतंय. आयकू द्या."

मीही ऐकलं. आत पारव्यांचे पंख फडफडले, एवढंच. मी तिचा दंड धरला. तो इतका बारीक झालेला होता, की माझीच बोटं माझ्या अंगठ्याला लागली. त्या दिवसापासून मी खानावळीत असलो तरी मन त्या कठड्यापाशी असे. फोन वाजला, की घरचा तर नाही ना, हे आधी बघत असे.

आमच्या लोकांनी जे केलं असतं तेच मी केलं. भावकीतल्यांनी एका भगताकडे नेलं. त्याने सांगितलं, बाहेरचं आहे, अकरा शनिवार कडक उपास, मीठसुद्धा नाही. तिचे सोमवार आणि गुरुवार आधीचेच होते. मी मान डोलावली. दोन पाळ्यांच्या कामगारांना पोटभर वाढणारा माणूस मी, आणि स्वतःच्या बायकोला उपाशी ठेवून बरी करायला निघालो होतो! सातव्या शनिवारी ती मोरीत पडली आणि मला ओळखेना. तेव्हा कुठे बाईंची आठवण झाली.

बाईंनी तिला समोर बसवलं. "काल उठल्यापासून काय खाल्लंत?"

मी म्हणालो, "खाते की व्यवस्थित!"

"तुम्हाला विचारलं का मी? बाहेर बसा."

बाहेर बसलो. मध्ये पडदा होता. बाई घाई करत नव्हत्या. सकाळी काय, मग काय, परवा काय, चहात दूध होतं का? मग कौसल्येचा आवाज आला.

"दूध सोडलंय मी. दही, ताक, समदं."

"कधीपासून?"

"ह्यांच्या गाडीला टेम्पोनं उडीवलं हुतं ना, तवापासून. डाक्टर म्हनले, सांगता येत न्हाई. मी देवीला बोलले, ह्यांना उठीव, जन्मात दूध तोंडाला लावायची न्हाई."

पडद्याबाहेर मी दोन्ही हातांनी बाकडं घट्ट धरून बसलो. आमचं घर माळकरी. खानावळीत अंडी ठेवली, तरी घरात अंडी-मटण पूर्वीपासून नाही. दूध-दही होतं, तेही माझ्या जिवाच्या बदल्यात गेलं होतं, आणि इतक्या वर्षांत शेजारी बसून जेवताना मला ते दिसलं नव्हतं.

तपासणीत व्हिटॅमिन बी-बारा, जे दूध-अंडी-मटणातूनच मिळतं, ते अगदी तळाला गेलेलं निघालं. बाईंनी इंजेक्शनं सुरू केली, उपास थांबवले आणि त्याच दिवशी नगरच्या मानसोपचार डॉक्टरांना स्वतः फोन लावला. मी विचारलं, "आता खाण्यानंच बरी होईल ना?" तशा बाई तडकल्या.

"सगळं मन ताटातून येतं, असं मी कुणाला सांगत नाही. परवा एक जण मोबाईलवर बघून झोपेच्या, मनाच्या सगळ्या गोळ्या बंद करून डाळिंबाच्या रसावर राहिला आणि भिंतीवर डोकं आपटत माझ्याकडे आला. गोळीही हवी, जेवणही हवं. आणि घरातलं माणूस शुद्धीवर हवं, म्हणजे तुम्ही."

महिन्या-दोन महिन्यांत ती सावरू लागली. माणसं ओळखू लागली, भाकरी थापू लागली. पण दुधाचं नाव काढलं, की नको म्हणायची. "मी प्याले आन् ह्यांना काय झालं तर?" भगताला हसणारे पुष्कळ भेटतात, बाई तिच्या नवसाला कधी हसल्या नाहीत. "नका पिऊ. इंजेक्शन म्हणजे दूध नव्हे," एवढंच म्हणत. मग एका मंगळवारी दवाखाना बंद ठेवून त्या आमच्याबरोबर जीपमध्ये बसल्या आणि आमच्या गावाकडे, देवीच्या ठाण्यावर आल्या. बाई स्वतः देवधर्म करत नाहीत, हे सगळ्या सुप्याला माहीत आहे.

ठाण्यावर गुरवाची म्हातारी होती. बाईंनी तिला विचारलं, "मावशी, देवीला खिरीचा नैवेद्य चालतो?"

"न चालायला काय झालं? लई आवडीचा हाय."

"मग त्या प्रसादाला नाही म्हणता येतं?"

म्हातारीने बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दवाखान्यातल्या दिसता. हुशार हाय तुमी." मग कौसल्येकडे वळली. "पोरी, तिनं तुझा धनी दिला. आता तीच खीर देतीया. घे."

ओटी भरून झाली. कौसल्येच्या तळहातावर चमचाभर खीर आली. तिने देवीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी आत्ता कोसळतो की मग, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं. आणि खरं सांगतो, स्वतःला धीट समजणाऱ्या मलाही तेव्हा वाटलं, खरंच काही झालं तर? तिने डोळे मिटून खीर खाल्ली. मी उभाच होतो. ती रडायला लागली.

परतीच्या वाटेवर बाईंनी जीपवाल्याला तीनदा सांगितलं, "सावकाश हाक रे बाबा." सुप्यात उतरल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मीही घाबरले होते. वाटेत तुम्हाला नुसतं खरचटलं असतं, तरी त्यांनी पुन्हा घास घेतला नसता. पुढचा महिनाभर मोटारसायकल काढायची नाही तुम्ही."

काढली नाही. महिनाभर रोज दुपारी बाईंचा फोन यायचा. आधी माझ्या तब्येतीची चौकशी, मग तिच्या. इतक्या बारकाईने दुसऱ्याची भीती सांभाळणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

सगळं गोड झालं, असं लिहिलं तर बाईच रागावतील. कौसल्येचं इंजेक्शन ठरल्या दिवशी असतंच, नगरची फेरी असते. तळपायांच्या मुंग्या पुरत्या गेल्या नाहीत. ती बोलता-बोलता गप्प झाली, की मी अजून कान टवकारतो. विहिरीवर जाळी बसवली आहे, तरी ती कपडे वाळत घालायला मागे गेली, की मी कामाचं निमित्त काढून मागे जातो. तिला ते कळतं. ती म्हणते, "या, या, पहारेकरी!" आणि हसते. त्या हसण्यावर आमचा दिवस जातो.

आता बाई दवाखान्याच्या पायऱ्या कठड्याला धरून चढतात. ते बघून आमच्यासारखी अनेक घरं धास्तावतात. त्यांना दीर्घायुष्य मागताना यात आमचाच स्वार्थ आहे, हे मी लपवत नाही.

हा लेख कौसल्येला वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "बाईंसाठी मीबी देवीकडं मागितलंय."

माझा हात कागदावरच थांबला. "काय सोडलंस?"

"न्हाई वो," ती म्हणाली. "काय बी सोडलं न्हाई. नुसतं मागितलं. बाईंना लई वरसं दे, धडधाकट ठेव, म्हनलं."

आम्हा दोघांचं मागणं तेवढंच आहे.