परातभर संत्री

सकाळी लेकीला कळा सुरू झाल्या आणि मी तिच्याजवळ काटोलची संत्री सोलत बसले. सालीच्या वासानं मला सक्करदऱ्याच्या घरातली ती दुपार आठवली.

तेव्हा कळा मला येत होत्या आणि सासूबाई संत्री सोलत होत्या. "दवाखान्यात कधी न्याल?" मी चिडून विचारलं.

"घाई काहून करते वं? भांडता येऊन राहिलं, तोवर वेळ आहे."

मी भांडत राहिले. मग एका कळेत तोंडातून शब्दच फुटेना. त्या ताडकन उठल्या आणि माझ्या नवऱ्याला ऑटो आणायला पिटाळलं. किती निर्धास्त बाई, असं मला वर्षानुवर्षं वाटत आलं.

"आई, पुरे ना," लेक आत्ता म्हणाली. "एवढी संत्री खाणार कोण?"

त्या दुपारीही परात अशीच भरली होती. खाल्लं कुणीच नव्हतं.