हणमंत मास्तर किट उघडतात

चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे दुपारी बँडच्या दुकानात सामसूम. खाली दगडूकाका युफोनियमच्या पितळी भोंग्याला पॉलिश करत एकटेच पुटपुटतायत आणि वर माळ्यावर संदेश ऐवळे लाल गणवेशांच्या ढिगावर आडवा झालाय. डोळा लागतोय, पुन्हा उघडतोय. कुशीवर वळलं की खिशातलं पाकीट टोचतं. एचआयव्हीची चाचणी आपली आपण करायचं किट आहे ते. प्रतीकनं आणून दिलंय. या प्रतीकवर संदेशचा जीव जडलाय. प्रतीक स्वतः ती रोजची गोळी घेतो, एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीपासूनच घ्यायची असते ती, आणि संदेशनंही घ्यावी म्हणून मागे लागलाय. पण गोळीच्या आधी चाचणी करावी लागते, आणि तिथंच संदेशचं घोडं अडलंय.

कारण काय, ते त्यानं कुणालाच सांगितलेलं नाही. किटातली काडी हिरडीवरून फिरवायची असते. म्हणजे रोग तोंडात असतो, असा त्यानं सरळ हिशेब केला. आणि तो वाजवतो ती क्लॅरिनेट बँडच्या दिवंगत हणमंत मास्तरांची, तोंडात धरायच्या माउथपीससकट. मास्तर कशानं गेले हे दुकानात सगळ्यांना ठाऊक आहे, पण विचारलं की 'फुप्फुसाचं काहीतरी' एवढंच उत्तर मिळतं. तेव्हा मास्तरांचं आपल्याला लागलंच असणार, मग बघायचं कशाला, असं या पठ्ठ्यानं परस्पर ठरवून टाकलंय.

"सरक की जरा," कुणीतरी म्हणतं.

हणमंत मास्तर शेजारी बसलेत. गणवेश कडक इस्त्रीचा, गाल भरलेले. शेवटी शेवटी ते असे नव्हते. संदेशला भीती वाटत नाही. शिडी कशी वाजली नाही, एवढंच त्याला नवल वाटतं.

"खिशात काय हाय?"

"काही नाही, मास्तर."

"काही न्हाय ते टोचतंय कसं?"

मास्तर पाकीट काढून घेतात, उजेडात धरतात, कानाशी हलवून बघतात. नवं वाद्य आलं की ते असंच करायचे. "काय हुतंय ह्यानं?"

दोघं वरातीत चालतायत. रस्ता ओळखीचा आहे, पण दुकानांना दारं नाहीत. घोड्यावर कुणी नाही. पुढचे वाजवणारे गाल फुगवून फुंकतायत आणि वाद्यांतून नुसता श्वास बाहेर पडतोय.

"काडी हिरडीवरनं फिरवायची," संदेश सांगतो. "मग या नळीत उभी करायची. थोडं थांबलं की रेघ येते. एक रेघ आली की काही सापडलं नाही. दोन आल्या तर दवाखान्यात जाऊन पक्कं करायचं."

"थुकीत रोग सापडतोय व्हय?"

"थुंकीत नसतो, मास्तर. रोगाशी लढायला अंग जे तयार करतं, त्याची खूण हिरडीपाशी मिळते. तेवढीच बघतात." बोलता बोलता संदेश भर रस्त्यात थबकतो. हे तर किटातल्या कागदावर लिहिलेलं होतं. त्यानं ते वाचलं होतं, दोनदा वाचलं होतं.

मास्तरही थांबलेत. "म्हंजी माझ्या क्लॅरिनेटमधनं तुला काय झालं न्हाय."

"नाही."

"मग कशाला भ्यालास?"

सरकारी दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात पंगत बसलीय. पत्रावळी मांडल्यात, वाढायला कुणी येत नाही. सगळे मान वळवून टोकाच्या बंद दाराकडे बघतायत. मास्तर मांडी घालून बसतात आणि शेजारची जागा थोपटतात.

"प्रतीकच्या आधी," संदेश हळूच म्हणतो, "दोन-तीनदा. नदीकडं. नावंपण माहीत नाहीत. कंडोम नव्हता."

"हां. आता सूर लागला." मास्तर खदखदून हसतात. "आन बिल माझ्या वाद्यावर फाडत हुतास व्हय रं?"

संदेशचे कान तापतात. लाज वाटते, आणि छातीवरचं ओझंही जरा हलतं. माउथपीसला दोष देणं सोपं होतं. नदीकडच्या त्या संध्याकाळी आठवणं सोपं नव्हतं.

"ते दार दिसतंय न्हवं?" मास्तर म्हणतात. "मी तितवर आलो हुतो. बाकड्यावर वळखीचं माणूस बसलं हुतं, त्याच्या पोरीच्या लग्नात आपूनच वाजवलं हुतं. म्हटलं, गावभर बोभाटा हुईल, बँड कोण सांगंल? माघारी फिरलो."

"तेव्हा औषध नव्हतं ना."

"हुतं की. मीच गेलो न्हाय."

संदेशला रडू येतं. इतकी वर्षं मास्तरांच्या मरणाबद्दल त्यानं स्वतःची समजूत घातली होती ती, त्या काळी इलाजच नव्हता, अशी. ही गोष्ट जास्त वाईट आहे.

मास्तरांना मात्र रडण्यात रस नाही. "आन ती गोळी? व्हायच्या आधीच औषध?"

"हो. आता घरी बसूनही चाचणी होते, बाकड्यावर कुणी दिसायला नको. नसेल तर गोळी सुरू. असेल तर औषध रोज घ्यायचं. वेळेत धरलं की माणूस म्हातारा होऊन मरतो."

"म्हातारा," चाळिशीतच गेलेले मास्तर तो शब्द तोंडात घोळवून बघतात. "कसं असतंय रं ते?"

"मला काय माहीत?"

"बघू, आधी माझं बघू." मास्तर पाकिटाचा कोपरा दातानं फाडतात, काडी हिरड्यांवरून फिरवतात, नळीत उभी करतात. दोघं टक लावून बसतात. पंगतीतले उठून मागे जमतात आणि खांद्यावरून डोकावतात. रेघ येत नाही. दोन नाहीत, एकही नाही.

"एक तरी यायला पाहिजे," संदेश म्हणतो. "चाचणी नीट झाली की ती येतेच."

"माझं राहू दे. मला उशीर झाला," मास्तर म्हणतात. "तुझं बघ. आन म्हातारा हो. मग निवांत सांगायला ये कसं असतंय ते. गडबड न्हाय."

संदेश डोळे उघडतो. माळ्याचा पत्रा तापलाय. ओठाला काहीतरी चिकटलंय, तो बोटानं काढून बघतो तर पाकिटाचा चकचकीत तुकडा. हातातल्या पाकिटाचा कोपरा दातानं फाडलेला आहे. काडी आत कोरडी, नळीचं झाकण बंद. झोपेत आपणच फाडलं असणार, तो म्हणतो, आणि तरी शिडीकडे एकदा बघून घेतो.

"संद्या, चहा आलाय रं!" खालून दगडूकाका ओरडतात.

काही खाल्लं-प्यायलं की चाचणीला थोडा वेळ थांबावं लागतं, असं किटातल्या कागदावर आहे. "मला नको, काका."

"का? तब्येत बरी न्हाय व्हय?"

"तेच बघतोय," संदेश म्हणतो आणि काडी हिरडीला लावतो.