हौसाताईची सुटी

हौसाताई बाहेर बसायची ती माहेरपणाला निघाल्यासारखी. आदल्या दिवशी बाजारातून पावशेर शेंगदाणे आणि गुळाचा खडा आणायची, डोक्याला तेल थापायची आणि सकाळी मागच्या पडवीत घोंगडी पसरून मला हाक मारायची, "मास्तरीण, मला कावला शिवला गं. पानी ठेव." पुढचे चार दिवस घरी असेल तेवढा वेळ ती लोळायची आणि मी विहिरीवरून दोघींचं पाणी ओढायची.

ती खोपोलीच्या दवाखान्यात नर्स होती. बाहेर बसली तरी दवाखान्यात जायचीच. "सरकारला विटाल नसतो," म्हणायची. पण घरच्या बाळंतपणांना त्या चार दिवसांत तिला कोणी बोलवत नसे. विटाळशी बाई बाळंतिणीच्या खोलीत कशी चालेल? एरवी मात्र झोपलेली असो की जेवत असो, कुणाची तरी सून अडली की हौसाताईने निघायचं.

मी एकोणीस वर्षांची, नुकतीच शाळेत लागलेली. खोपोलीत कारखाने आले होते आणि लोकांनी गोठेसुद्धा धुऊन कामगारांना भाड्याने दिले होते. एकट्या मुलीला कोणी दारात उभं करीना. एका घरमालकाने विचारलं, "वाचत बसता का? रॉकेल कोणाचं?" दुसऱ्याच्या बायकोने मला नीट न्याहाळलं आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, माझ्या रूपाची धास्ती घेतली. माझ्याकडे तेव्हा आरसा फार लहान होता.

वडिलांचं कार्ड आलं : महिनाअखेर बरी खोली आणि बाईमाणसाची सोबत मिळाली नाही तर नोकरी सोडून घरी यायचं. पेणचा एक बिजवर, दोन मुलांचा बाप, थांबायला तयार होता. खोल्या शोधून टाचेला फोड आला तो दाखवायला मी दवाखान्यात गेले आणि हौसाताईपुढे रडले.

"घोरतेस?" तिने फोडावर औषध लावत विचारलं.

"नाही."

"रडतेस?"

"नाही."

"चुगली करतेस?"

"नाही."

पहिली दोन उत्तरं खोटी आहेत हे मला ठाऊक होतं. तिसरं खोटं आहे हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

तिची आधीची जोडीदारीण लग्न होऊन गेली होती आणि घरमालकीण माई दुसरी आणण्यासाठी तिच्या मागे लागल्या होत्या. माई विधवा होत्या, देवपूजा कडक. त्यांचा नियम होता : भाडेकरू दोन बायका, एक कधीच नाही. "एकटी बाहेर बसली की तिचं पाणी कोण ओढणार? मी?" त्यामुळे भाडं निम्मं झालं आणि माझ्या पगारात बसलं. हौसाताई चौक गावाकडच्या शेतकऱ्याची लेक, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठी. नवऱ्याने टाकलेली, एवढंच तिने सांगितलं होतं.

खोली कसली, डबीच. पुढचं दार माईंच्या स्वयंपाकघरात उघडायचं आणि दिवेलागणीला माई पलीकडून कडी घालायच्या. मागे पडवी, विहीर आणि दगडी कुसू. एका खिडकीतून डोंगरावरून वीजघराकडे उतरणारे जाडजूड नळ दिसायचे. मी ते बघत बसे आणि हौसाताई म्हणे, "त्यातलं पानीबी आपल्यासारखंच. कोंडलंय तरी काम करतंय."

माईंच्या देवळीत दोन करवंट्या होत्या. एक माझी, एक तिची. कोणी बाहेर बसली की माई तिच्या करवंटीत एक चिंचोका टाकायच्या. असा हिशेब कोणाच्या आईनेही ठेवला नसेल.

दुसऱ्या वर्षी थंडीत डोंगरातल्या वाड्यांवर देवी टोचायचं काम निघालं. हौसाताई पहाटे जायची आणि संध्याकाळी सुजलेले पाय घेऊन यायची. दोन महिने शेंगदाणे आले नाहीत, घोंगडी पसरली नाही. माझ्या ध्यानातही आलं नाही. माईंच्या आलं.

"काय गं," विहिरीवर त्यांनी मला गाठलं, "तुझी जोडीदारीण दोन महिने बसली नाही. काय भानगड?"

चौकच्या एका गॅरेजवाल्याने हौसाताईला दोनदा ट्रकमधून घरापर्यंत सोडलेलं मला आठवलं. खरं तर मी "विसरली असेल" म्हणू शकले असते. पण मी खाली बघितलं, पदर नीट केला आणि म्हणाले, "मला नाही बाई काही माहीत." हे वाक्य कसं म्हणायचं ते मुलींना शिकवावं लागत नाही. गॅरेजवाल्याचं नाव घेतलं नाही याचा मला वर अभिमान वाटला.

माईंनी दुपारी निकाल दिला. अमावास्येपर्यंत खोली खाली करा. दोघींनी. मला वाटलं होतं, ती जाईल आणि मी चारित्र्यवान म्हणून राहीन.

हौसाताई घमेल्यात मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसली होती. मी तिला विहिरीवरचं बोलणं सांगितलं, पेणच्या बिजवराच्या नावाने गळा काढला आणि शेवटी म्हणाले, "तुझ्यामुळे झालं हे. तो ट्रकवाला..."

ती आधी हसली. मग हसू थांबलं.

"पिशवीच नाय गं माझ्यापाशी. पयल्याच बालंतपनात पोर गेलं न् मुंबईच्या इस्पितलात डॉक्टरनं काढून टाकली. म्हनून तर नवऱ्यानं दुसरी केली."

"मग दर महिन्याला जे बसायचीस ते?"

"बसले नाय तर लोक म्हनतील पोट हाय. ह्या टोचनीच्या कामात इसरले, न् आज तूच म्हनालीस ना?"

मी इतक्या बादल्या ओढल्या होत्या, त्या सगळ्या खोट्या. पण रागवायला तोंड नव्हतं.

"माईंना खरं सांग ना मग."

"आन मंग? माई शेजारनीला सांगंल, शेजारीन गावाला. पिशवी नसलेल्या बाईच्या हातनं कोन बालंत व्हईल? अपशकुन म्हनतील. खोली ऱ्हाईल, भाकर जाईल." तिने पाय पुसले. "चुगली करतेस हे तवाच सांगायचं व्हतंस. तुला टाकली नसती गं. जरा जपून ऱ्हायले असते."

तेवढं बोलून ती भाकरी थापायला लागली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सकाळी मी माईंच्या पूजेच्या वेळी दारात उभी राहिले.

"माई, ती बसणारच होती. दोन्ही वेळा. पण तिला माझ्याबरोबरच कावळा शिवला. दोघी बसलो तर पाणी कोण ओढणार म्हणून मीच तिला गप्प राहायला सांगितलं."

"मग पाणी कोणी ओढलं?"

"मी. पहाटे. तिचे पाय सुजले होते."

माईंच्या हातातलं फूल हातातच राहिलं. "विहिरीला शिवलीस?"

"दोन्ही वेळा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ताम्हणातल्या देवांकडे. दोन महिने देव त्याच पाण्याने न्हाले होते. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आळीतल्या पाच सवाष्णी त्याच पाण्याच्या स्वयंपाकाने तृप्त होऊन गेल्या होत्या. हौसाताईचं पोट माई पार विसरल्या. गोमूत्र आलं, विहिरीत पडलं, देव पंचगव्यात बुडाले. मला जे काही बोलल्या ते लिहीत नाही, नातवंडं वाचतात.

पण आम्हाला काढता येईना. काढलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सवाष्णींच्या कानावर गेलं असतं. आधी आम्ही दोघीच त्या घरात अडकलो होतो. आता तिघी झालो. शिक्षा एवढीच की महिनाभर विहिरीला हात लावायचा नाही, पाणी नदीवरून आणायचं.

नदीच्या चढावर डोक्यावर हंडा घेऊन मी धापा टाकत होते. मागून हौसाताई म्हणाली, "खोटं बोलायला शिकलीस, बरं झालं. आता बसायला शिक. बाईला सुटी कोन देत नाय. ती घ्यावी लागते."

तिसऱ्या वर्षी माझं लग्न ठरलं, पेणच्या बिजवराशी नव्हे. निघताना ती म्हणाली, "पुन्ना पोरगी शोदा आता. घोरनारी चालंल." माझा मोठा मुलगा तिच्याच हातावर आला. मला दोन शिव्या देऊन तिने त्याला उलटा धरला, आणि तो रडला तेव्हा बराच वेळ माझ्या हातात दिला नाही.

सासरी कर्जतला बारा माणसांचा स्वयंपाक होता. मी चार दिवसांचे पाच करायला लवकरच शिकले. पुढे वयाने सगळं थांबलं, तरी दोन वर्षं मी नेमाने बसत होते. कोणी चिंचोके मोजत नव्हतं.

मग एका दुपारी कार्ड आलं. तेव्हा तिच्या खोलीत राहणाऱ्या एका मुलीने लिहिलं होतं. हौसाताई गेली, झोपेतच, कोणाला त्रास न देता. मला तिचं सुतक लागत नव्हतं. नात्याची नव्हती, आडनावाची नव्हती, नुसती एका खोलीतली.

मी बाजारातून पावशेर शेंगदाणे आणि गुळाचा खडा आणला. डोक्याला तेल लावलं. मागच्या पडवीत घोंगडी पसरली आणि बसले.

नवी सून दारात येऊन गोंधळून उभी राहिली. "आई, आता तुम्हाला कसलं?"

"सुटी आहे गं," मी म्हटलं. "पाणी ठेव."