तळाचा मिल्कशेक

मिक्सरचा आवाज आला की आमच्या घरात अजूनही सगळे ओट्यापाशी धावतात. चिकूचा मिल्कशेक! फेस सगळ्यांना सारखा हवा, नाहीतर पन्नाशीचा माझा दादासुद्धा भांडतो. आई मात्र कधी ग्लास घेत नाही. सगळ्यांना दिल्यावर ती मिक्सरच्या भांड्यात घोटभर दूध घालते, विसळते आणि उभ्याउभ्याच पिऊन टाकते. बिचारी! शाळेत मी तिच्या त्यागावर निबंधसुद्धा लिहिला होता.

काल तिचा हात दुखत होता, म्हणून मिल्कशेक मी केला. तिला मुद्दाम काठोकाठ ग्लास दिला आणि भांड्यात दूध घालून, विसळून त्यातला एक घोट मी प्यायले. अहाहा! पात्याखाली अडकलेला चिकूचा गर, न विरघळलेली साखर, वेलचीची सगळी पूड, सगळं तळाशीच! ग्लासात ही चव कधी उतरलीच नव्हती. घरोघरी ओट्यापाशी असे किती गोड त्याग चालत असतील!

मी डोळे मोठे करून आईकडे पाहिलं. तिचा ग्लास तसाच होता.

"कळलं ना?" ती हसू दाबत म्हणाली. "दादाला सांगू नकोस. आणि आण ते भांडं इकडे."