मेहुण्याची मखमल

फडकं गोल फिरवून पुसणाऱ्या माणसाचा माझ्या मेहुण्याइतका राग करणारा प्राणी ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरा सापडायचा नाही. चोराला तो चहा पाजेल, पण गोल पुसणाऱ्याला दारात उभं करणार नाही. मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. राहायला कोपरीत, पण वर्तकनगरला आमच्याकडे रोज चारला हजर. हिला जाऊन आता वर्ष होईल, तरी येतो. मी चौथी शिकलेला, लेथवर जन्म काढलेला माणूस, त्यामुळे त्याचं ज्ञान मला कळलं तेवढंच सांगतो.

घड्याळं, कॅल्क्युलेटर यांच्या आकड्यांच्या काचा बनतात, त्या कारखान्यात तो होता. त्या काचेत एक रस असतो. दिसायला पातळ, पण आत म्हणे बारीक काड्या. मोकळ्या सोडल्या तर बाजारातल्या गर्दीसारख्या कुठेही तोंडं करतात. म्हणून काचेला आधी लेप द्यायचा आणि त्यावर मखमल फिरवायची, एकाच दिशेने. डोळ्याला न दिसणाऱ्या रेघा पडतात, आणि रस भरला की काड्या त्या रेघांवर गुमान आडव्या होतात. वर दुसरी काच, मधली फट केसाहून बारीक. "फटच महत्त्वाची, दाजी," तो सांगायचा. "जागा ऐसपैस मिळाली की मधल्या काड्या काचेचं ऐकत नाहीत." मी म्हटलं, "म्हणून होय तू मोठं घर घेतलं नाहीस!" तो हसला नाही. म्हणाला, "एका खोलीत चार पोरं सरळ निघाली ना?"

नोकरी सुटली, मखमल सुटली नाही. खिशात तुकडा कायम. चष्मा वरून खाली, डोक्यावरचे उरलेले केस डावीकडून उजवीकडे. एकदा शहाडला लग्नाला गेलेलो, तर वाढप्याने टेबल गोल पुसलं म्हणून हा जेवण सोडून उठला आणि अख्खी रांग स्वतः पुसत सुटला. मुलीच्या बापाला वाटलं केटररचा माणूस, त्याने याच्या हातात पाण्याचा जग दिला. याने घेतला. पाणीसुद्धा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला शिस्तीत वाढत गेला.

हे वेड मनापासून ऐकलं ते एकट्या त्याच्या बहिणीने. आमचं जेवायचं टेबल काळ्या सनमायकाचं. जेवणं झाली की भांड्याच्या पावडरीचं ओलं फडकं ती खिडकीकडून दाराकडे ओढायची. मी हसलो की म्हणायची, "भाऊ सांगतो ते ऐकलं तर बिघडलं काय? तुमचं आयुष्यभर ऐकलंच ना!"

ती गेल्यावर टेबल मी पुसू लागलो. गोल. मेहुणा बघायचा आणि गप्प बसायचा. महिन्याभरापूर्वी एका रविवारी डोंबिवलीहून मुलगा आला, म्हणाला, "बाबा, टेबलाची रया गेलीय. नवं आणतो, हे भंगारात देऊ." मी म्हटलं, ने. समोरची रिकामी खुर्ची बघून तसाही घास उतरत नव्हता. दोघांनी टेबल उचललं, तेवढ्यात मेहुणा आला तो दारातच आडवा.

"हे जाणार नाही."

"मामा, बाजूला व्हा ना, हात भरून आलाय."

"येडा झालास का रे?" मी ओरडलो. "बहीण गेली तेव्हा डोळ्यातनं टिपूस नाही काढलंस, आणि लाकडासाठी रडतोस?"

त्याने टेबल खिडकीशी ठेवायला लावलं आणि माझी मान धरून मला पार टेबलाच्या पातळीवर वाकवलं. ऊन आडवं येत होतं. काळ्या सनमायकावर शेकडो बारीक रेघा चमकल्या, सगळ्या एका दिशेच्या, जरा तिरक्या.

"ताई डावखुरी होती," तो म्हणाला. "उजव्या हाताची रेघ अशी झुकत नाही. आणि हे तुमचं."

माझ्या जागेसमोर ताटाएवढा गोल गोल ओरखडा. त्यात तिची एकही रेघ उरली नव्हती.

"रोज सांगणार होतो, दाजी. पण तुमच्याच घरात तुम्हाला काय बोलू?"

मुलानेच टेबल परत जागेवर नेलं.

आता जेवण झालं की मी फडकं डाव्या हातात धरतो. जमत नाही. लेथवरचा उजवा हात मध्येच पुढे येतो, त्याला मांडीखाली दाबून बसावं लागतं. चारला मेहुणा येतो, वाकून बघतो, "हं" म्हणतो आणि चहा मागतो. काल जाताना त्याने खिशातला मखमलीचा तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि विसरल्यासारखा निघून गेला. मी उचललेला नाही. त्या ताटाएवढ्या जागेवर तसाच आहे.