घोडीने सरांना ओळखलं नाही

घोड्यावर बसणाऱ्या मुलीची आई असणं म्हणजे काय, ते मला विचारा. दर रविवारी सकाळी दिंडोरी रोडवरच्या त्या मैदानाच्या कडेला मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसते, चहा गार करते आणि लेकीच्या पाठीकडे बघत राहते. चौदा वर्षांची आहे. नवरा म्हणतो, "अगं, तू तिला न्यायला जातेस की रडायला?" त्याचं काय जातंय! तो घरी घोरत असतो.

मैदानाच्या एका अंगाला द्राक्षबाग आहे. बागेच्या तारा घोड्यावरच्या माणसाच्या बरोबर गळ्याशी येतात. पहिल्याच दिवशी मी हे बघून ठेवलं होतं आणि शिकवणाऱ्या सरांना बोललेही होते. सर जवळच्याच खेड्यातले, डोक्यावर कायम एकच विटकी टोपी, तिचा मूळ रंग देवाला ठाऊक. "ताई, घोडी तिकडं जात नाय," ते म्हणाले. "पोरगी पडली तर मैदानातच पडंल. पडल्यावर त्याच घोडीवर परत बसायचं, मग घरी जायचं. एवढा एकच नियम हाय आपला." घ्या! म्हणजे हे ऐकून मला धीर यायचा होता.

यंदा आम्ही पालकांनी ठरवलं, सरांचा आणि स्पर्धेत चमकलेल्या मुलांचा सत्कार करायचा. सर नको नको म्हणत होते. पण माणसाला सजवल्याशिवाय आपल्याकडे कुणाला चैन पडतं? तुऱ्याचा केशरी फेटा आणला. शाल, नारळ, झेंडूचा हा एवढा हार, वरून अत्तर. टोपी कुणीतरी काढून खुर्चीवर ठेवली. सगळं अंगावर चढल्यावर सर ओळखू येईनात. आम्ही टाळ्या वाजवल्या, मी तर चांगल्या जोरात.

मग मुलांनी घोड्यावर बसून एकेक करून पुढे यायचं आणि सरांनी त्यांच्या गळ्यात पदक घालायचं, असा बेत होता. माझी लेक पहिली. घोडी रोजचीच, तांबडी, स्वभावाने गरीब. शांत चालत आली. सर पदक घेऊन पुढे झाले, तुरा हलला, वाऱ्याने शाल फडफडली आणि घोडीचे कान ताठ झाले. तिच्या दृष्टीने कुणी भलताच माणूस अंगावर चालून येत होता. ती फुरफुरत मागे सरली. सरांनी सवयीने हात पुढे केला, तशी शाल आणखीच फडकली. घोडी गर्रकन वळली आणि उधळली, थेट बागेच्या दिशेने.

आई गं! मला फक्त तारा दिसत होत्या आणि लेकीची मान. सकाळी वेणी घालताना "सरळ धर जरा" म्हणून मी खेकसले होते, तीच मान. देवा, हिला पाड, मी म्हटलं. खरंच म्हटलं. कुठली आई असं मागते? पण आत्ताच पाड, इथेच, मातीत, तारांच्या अलीकडे पाड.

सर मागून धावत ओरडत होते, "वळव! वळव तिला!" फेटा आणि शाल त्यांनी केव्हाच भिरकावून दिली होती. लेकीने एका बाजूचा लगाम खेचला. घोडी अगदी बागेच्या तोंडाशी वळली, आणि लेक तोल जाऊन पहिल्या तारेच्या अलीकडे मातीत आदळली.

मी तिथवर कशी पोचले, आठवत नाही. ती उठून बसली होती. कोपर सोललेलं, तोंडात माती. हात हलव, बोटं हलव, मान वळव. सगळं धड होतं. मी तिला कवटाळून भोकाड पसरलं, आणि रडता रडता तिच्या हेल्मेटवर एक धपाटाही घातला.

सर बोडक्या डोक्याने आले, चेहरा पांढराफटक. "माझंच चुकलं, ताई. असलं सोंग घेऊन तिच्यापुढं जायलाच नको होतं." कुणीतरी टोपी आणून दिली. ती घालून ते घोडीकडे गेले, तेव्हा तिने त्यांच्या खांद्याला नाक लावलं. तीही लटलटा कापत होती. सर तिला घेऊन आमच्यापाशी आले आणि लगाम धरून उभे राहिले. नियमाचं नाव त्यांनी काढलं नाही.

"आई, मला भीती वाटतेय," लेक म्हणाली.

हे ती आजवर कधी बोलली नव्हती. आणि मला तरी दुसरं काय हवं होतं? नुसतं "चल घरी" म्हटलं असतं तर ती निमूट आली असती, आणि पुन्हा कधी त्या मैदानात फिरकली नसती. रविवारी मीही सुखाने झोपले असते. तोंडाशी आलंच होतं माझ्या. पण ती माझ्याकडे बघत नव्हती, घोडीकडे बघत होती.

"मलाही वाटतेय," मी म्हटलं. "खूप."

मग मी मातीत गुडघा टेकला आणि मुलांना घोडीवर चढवताना सर धरतात तसे दोन्ही हात एकात एक गुंतवून तिच्यापुढे धरले. तिने त्यावर पाय ठेवला, आणि मी तिला वर उचललं.