मारोतीभाऊंचं पाठांतर

प्रॉम्प्टरच्या वहीत नाटक असतं. माझ्या वहीत उजव्या पानावर नाटक, आणि डाव्या पानावर मारोतीभाऊ ऐनवेळी जे बोलले ते! काही हंगामांतच डावी पानं भरून गेली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरकडच्या सावली गावाजवळ आमचं गाव; तिथं धान घरात आलं की मंडळाचं नाटक व्हायचं. बसवायचे शाळेतले वासुदेव गुरुजी. म्हाताऱ्यांची कामं मारोतीभाऊ शिंप्याकडे. माणूस भला, पण पाठांतराच्या नावानं बोंब.

*

एकदा कोर्टाच्या प्रवेशात न्यायाधीशच गायब! त्याची एसटी वाटेत मूल गावी बंद पडली होती. वकील झालेल्या मारोतीभाऊंनी पहिल्या रांगेतल्या सरपंचांना हात जोडले, "न्यायाधीश महाराज, वर या!"

सरपंच आले, खुर्चीत बसले आणि खलनायकाला निर्दोष सोडून मोकळे झाले. खलनायक त्यांचा पुतण्या होता.

पुढचा अख्खा अंक तुरुंगातला. गुरुजींनी कपाळाला हात लावला. मारोतीभाऊ शांतपणे म्हणाले, "मी वरच्या कोर्टात जातो."

*

मुंबईच्या बंगल्यात नायिका बापाला सांगतेय, "लग्न करीन तर शिकलेल्याशीच!" तेवढ्यात स्टेजवर बैल चढला.

मारोतीभाऊ म्हणाले, "पोरी, हाच पाह्य. शिकला नाई, पण शेती येते याले!"

*

नागपूरहून आणलेल्या नायिकेला नवऱ्याच्या प्रेतापाशीच उचक्या लागल्या. लोक हसायला लागले. सासरा झालेल्या मारोतीभाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोचला वाट्टे तो तिकडं. तुले याद करून राह्यला."

बायांनी डोळ्याला पदर लावले. मीही पुढचं वाक्य सांगायचं विसरलो.

*

चंद्रपूरचे एक प्राध्यापक भारावून म्हणाले, "तुम्ही करता त्याला इम्प्रोव्हायझेशन म्हणतात. मोठी कला आहे!"

"असं का जी? गुरुजी तं त्याले पाठ नसणं म्हणतेत!"

*

शेवटी गुरुजींचा संयम संपला. "वहीबाहेरचा एक शब्द बोललास, तर पुढल्या वर्षी तुझं काम ग्रामसेवकाला!"

मारोतीभाऊ हादरले. वर्षभर ते त्या एका रात्रीसाठीच जगायचे. दोन महिने शिलाई मशीनवर वही ठेवून त्यांनी घोकंपट्टी केली, आणि प्रयोगात शब्दाला शब्द बरोबर! मला कामच उरलं नाही.

परिणाम? दरवर्षी उजाडेपर्यंत चालणारं नाटक रात्री साडेतीनलाच संपत आलं. नाटकातला बाप, म्हणजे मारोतीभाऊ, ठरल्याप्रमाणे मेला. पडदा पडणार, तोच जंगलापलीकडच्या गावची एक म्हातारी उभी राहिली.

"भाऊ, इतक्या लवकर काऊन मेले जी? रस्त्यानं वाघ हाये. उजेडल्याबिगर आमी जाऊ कसे?"

मेलेल्या मारोतीभाऊंनी एक डोळा उघडून विंगेत गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी माझ्या हातातली वही घेतली आणि मिटली.

बाप उठून बसला. त्यानं सुनेकडे चहा मागितला, दोन्ही पोरांचं भांडण मिटवलं, धाकटीचं लग्न लावलं, जेवणावळ घातली. कोंबडा आरवला.

"रस्ता दिसून राह्यला का जी आता?" मारोतीभाऊंनी लोकांना विचारलं.

"हो!"

"मंग मी मरतो," म्हणाले आणि आडवे झाले.